सांध्यात भरलेली लांबी

ह्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते एका बिजागरीवरून. कपाटाच्या दाराला बिजागरी बसवायची तर आधी पटाशीने तिच्या मापाची खाच घ्यावी लागते. आमच्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात ह्यांची खाच कधी कमी-जास्त झालेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती अर्ध्या बोटाने खाली गेली होती. बिजागरी ठेवल्यावर वर एक पांढरट खड्डा उघडा राहिला. हे त्याच्याकडे बघतच नव्हते. दाराचा भलताच कोपरा फडक्याने पुसत मला म्हणाले, "बघ गो, बसली काय बरोबर?"

असं त्यांनी मला कधी विचारलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "बसली."

हे चहा घ्यायला घरात गेले. मी सागाचा बारीक भुसा गोंदात कालवला आणि खड्डा बुजवला. वाळल्यावर पेपर मारला, वर पॉलिशचा हात दिला. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, दार दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि ह्यांना म्हणालं, "तुमच्या हाताला तोड नाही हो." हे हसले. मीही हसले.

कुवारबावला आमचं घर आहे आणि घराला लागून पत्र्याची शेड. चिऱ्याची कमरेएवढी भिंत, वर जाळी. ह्यांच्या वडिलांपासून सुतारकाम तिथेच चालतं. मी मूळची खेडच्या आतल्या बाजूची. माहेरी भातशेती, भाऊ मुंबईला. लाकडाशी माझा संबंध चुलीपुरता. लग्न होऊन आले तेव्हा शेडमध्ये सासूबाई पॉलिश करायच्या. त्यांनी आठव्या दिवशी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाल्या, "रेषेच्या दिशेने घास, आडवं घासलंस तर ओरखडा मरेपर्यंत दिसतो." तेव्हापासून घासणं आणि पॉलिश माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर लांबी भरणंही.

लांबी म्हणजे लाकडातली भोकं आणि चिरा बुजवायचा लगदा. दुकानात तयार डबे मिळतात, पण आम्ही घरीच करायचो. ज्या लाकडाला भरायची त्याच लाकडाचा भुसा घ्यायचा आणि तो पिठाच्या चाळणीने चाळायचा. गोंदात कालवलेली लांबी घट्ट बसते, पण पॉलिश पीत नाही, तिथे डाग दिसतो. लाखेत कालवली तर रंग जुळतो, पण ती थोडी ठिसूळ. भोकाच्या आजूबाजूला लांबी फासायची नाही. ती लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि पॉलिशनंतर भोकाभोवती खळं पडल्यासारखं दिसतं. सुरीच्या टोकाने नेमकी आत दाबायची आणि थोडी वर ठेवायची, कारण वाळल्यावर ती बसते. मी पुढे पुढे शिवणाच्या सुईने ओल्या लांबीवर रेषा ओढायला लागले. लाकडाची रेषा एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूला जाते, मधे भोकाशी तुटते. ती तुटलेली जोडून द्यायची. त्यानंतर कितीही जवळून बघा, सापडणार नाही. हातोडी चुकून खड्डा पडला असेल तर लांबीही लागत नाही. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री दाबली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं.

हे मला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्यात लबाडी नव्हती. गाठ, खिळ्याचं भोक, किड्याने पोखरलेली वाट हे सगळं झाडाचंच, ते नीट बुजवून द्यायचं हा कामाचा भाग. एकच गोष्ट ह्यांनी मला बजावली होती. "भोक भर, चीर भर, सांधा कधी भरू नको. सांधा सैल असेल तर उसकायचा आणि नवा करायचा."

बिजागरीनंतर महिनाभरात ह्यांची करवत रेषेबाहेर जायला लागली. गिरमिट भलत्या जागी टेकायचं. पटाशी घसरून ढलपा उडायचा. साखर ह्यांना आधीपासून होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने डोळ्यांच्या मागच्या पडद्याला इजा झाली आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील आणि न चुकता यावं लागेल. हे दोनदा गेले. तिसऱ्या वेळेला सकाळी अंघोळ करून शेडमध्ये हत्यारांच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "आता बरं दिसतंय मला."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"डॉक्टरांना काय, त्यांचं ते काम आहे. मला दिसतंय म्हणतोय ना मी."

मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं. पण एक ऑर्डर अर्धी झालेली होती आणि हे घरी बसले तर कसे दिसतील हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. हातात काम नसलेला हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. तापातसुद्धा हे खाटेवर बसून लाटण्याला पेपर मारायचे.

म्हणून मी भरत राहिले. दुपारी जेवून हे तासभर आडवे व्हायचे, तेव्हा मी शेडमध्ये जायची. सकाळभरात काय काय चुकलंय ते आधी शोधायचं. खुणेच्या बाहेर गेलेला करवतीचा घाव, दोनदा पाडलेलं भोक, उडालेली कड. कडेला लांबी टिकत नाही, तिथे तुकडा डकवावा लागतो. त्याच लाकडाची पातळ चीप, रेषा जुळवून, गोंद लावून दोरीने बांधून ठेवायची आणि हे उठायच्या आत वर फडकं टाकायचं. मग हात धुऊन चहा ठेवायचा. दोन वर्षं हे रोजचं झालं. त्याशिवाय घर होतं, ह्यांची पथ्यं होती, आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बागेत पेट्या भरायला जाणं होतं. माझ्या उजव्या अंगठ्याचं कातडं गोंदाने कडक झालं. संध्याकाळी भाकरी थापायला बसले की मनगट दुखायचं आणि वाटायचं, आज कोणी माझ्याशी काही बोलू नये.

मुलगा मुंबईला असतो. त्याचा फोन आला की विचारायचा, "बाबांचे डोळे कसे आहेत?"

"बरे आहेत. काम करतायत ना."

"मग ठीक आहे," म्हणायचा. काम करतायत म्हणजे दिसतंय, एवढा साधा हिशोब होता त्याचा. मी तो मोडला नाही.

ह्यांना कळत होतं का, असं मला कधी कधी वाटायचं. संध्याकाळी हे तयार वस्तूवरून सावकाश हात फिरवायचे आणि एखाद्या जागी हात थांबायचा. मी हातातलं काम थांबवून बघत राहायची. मग हात पुढे जायचा. "झालं छान," एवढंच म्हणायचे.

त्या सुमाराला मालगुंडहून एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, म्हाताऱ्या आईबरोबर राहणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी वादळात त्यांच्या परसातला फणस पडला होता. त्याच्या फळ्या कापून त्यांनी माळ्यावर वाळवल्या होत्या. त्यातून आईसाठी हातांची खुर्ची हवी होती.

"आईला खाली बसवत नाही आणि प्लास्टिकची खुर्ची ती उठताना मागे सरकते," बाई म्हणाल्या. "जड पाहिजे. हातांवर जोर देऊन तिला उठता आलं पाहिजे. ते झाड तिनेच लावलं होतं."

ह्यांनी फळीवर बोटं फिरवली, नखाने ठोकून पाहिली. "लाकूड चांगलं वाळलंय. होईल."

फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होत जातं. पॉलिश केलं की उन्हात मधासारखं दिसतं. ह्यांनी त्या खुर्चीवर खूप मन लावून काम केलं. कदाचित म्हणूनच जास्त चुका झाल्या, कारण घाईत हाताच्या सवयीने जे जमायचं ते सावकाश करताना जमेना. खुर्चीच्या पायांत भोकं पाडतात आणि आडव्या दांड्यांच्या टोकांना कुसू काढतात, म्हणजे भोकात घट्ट बसेल असं चौकोनी टोक. मागच्या उजव्या पायाचं भोक मोठं झालं होतं. ह्यांनी गोंद लावून दांडी आत ठोकली तेव्हा जो आवाज यायला हवा तो आलाच नाही. घट्ट सांध्याचा आवाज भरीव येतो. हा पोकळ आला. मी भिंतीशी पेपर मारत होते, मला तिथे तो कळला.

ह्यांनाही कळला असणार. हे क्षणभर तसेच उभे राहिले. मग दुसऱ्या पायाकडे वळले.

दुपारी मी खुर्चीशी गेले. दांडी धरून हलवली तर ती हलत होती. फटीत नख जात होतं. ह्यांना उठवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अहो, हा सांधा सैल आहे, उसकूया. पण उसकणं म्हणजे गोंद मऊ करून सगळी खुर्ची सोडवायची, नवी दांडी करायची, आणि नव्या दांडीत पुन्हा तीच चूक होणार नाही कशावरून? आणि ते सगळं बोलावं लागलं असतं. त्या दुपारी मला ताप होता असं मी पुढे स्वतःला सांगत आले. ताप नव्हता. मी दमले होते, एवढंच.

मी फटीत एक पातळ चीप सारली, गोंदाची लांबी घट्ट कालवली आणि अंगठ्याने दाबून दाबून भरली. दुसऱ्या दिवशी हलवून पाहिली तर दांडी हलत नव्हती. वरून पेपर मारला, सुईने रेषा ओढल्या. सगळ्या खुर्चीत तो सांधा सर्वांत सुबक दिसत होता.

बाई टेम्पो घेऊन आल्या. खुर्ची बघून त्यांचे डोळे भरले. आमच्या दोघांच्या पाया पडायला लागल्या, ह्यांनी त्यांना थांबवलं.

फोन आला तो वैशाखात. मी आंब्याच्या अढीतले पिकलेले आंबे निवडत होते. बाईंचा आवाज थकलेला होता.

"वहिनी, खुर्चीचा पाय निखळला. आई पडली. मनगट मोडलंय तिचं. प्लास्टर घातलंय. तुम्हाला दोष द्यायला फोन नाही केला, फक्त दुरुस्त होईल का ते विचारायचं होतं."

मी म्हटलं, "कोणता पाय?"

"मागचा, उजवीकडचा."

ह्यांनी पडवीतून विचारलं, "कोणाचा फोन?" मी सांगितलं, बहिणीचा. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाते असं सांगूनच घरातून निघाले आणि एसटीने मालगुंडला गेले.

आजी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक, गोऱ्या, उजवा हात कोपरापर्यंत पांढरा. मोडकी खुर्ची भिंतीशी आडवी ठेवली होती. मी त्यांच्या पाया पडले. बाईंनी पाणी आणलं आणि समोर बसल्या.

"चूक आमचीच असणार," त्या म्हणाल्या. "आई उठताना सगळा भार एका बाजूला टाकते, मी तिला कितीदा सांगितलंय. आणि वादळात पडलेलं लाकूड आतून चिरलेलं असतं म्हणतात. मीच हौस केली."

आजी म्हणाल्या, "माझंच चुकलं. दोन्ही हातांवर उठायला हवं होतं."

मी उठून खुर्चीपाशी बसले. पायाच्या भोकातून माझी लांबी अख्खीच्या अख्खी निसटून बाहेर आली होती. उन्हाळ्यात दांडी आणखी सुकून आकसली असणार आणि मग तिला धरायला काही उरलं नसणार. दाताएवढी ढेप होती ती. तिच्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या, अगदी स्पष्ट. मी ती हातात घेतली. गप्प राहिले असते तर प्रश्न नव्हता. त्या दोघींनी सगळा दोष स्वतःवर आणि त्या झाडावर घेऊन टाकला होता. मला फक्त मान हलवायची होती.

"लाकूड चांगलं होतं," मी म्हटलं. "तुमचंही काही चुकलं नाही. हा सांधा सैल होता. मला माहीत होतं. मी लांबी भरून तो झाकला."

बाईंना आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ह्यांचे डोळे, दोन वर्षांची दुपारची लांबी, ती पोकळ ठोक. बोलताना माझा आवाज कोणा दुसरीचा असल्यासारखा सपाट येत होता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

बाई उठून खिडकीशी गेल्या. आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "नवऱ्याला दिसत नाही हे त्याला स्वतःला ठाऊक आहे ना गो?"

"आहे."

"आणि तुला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक आहे?"

"ते मला माहीत नाही, आजी."

"दोन वर्षं एका घरात राहून माहीत नाही?"

खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आता निघा. आणि ही खुर्ची घेऊन जा. मला ती समोर नको आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. चाळीस मुलांच्या वर्गात जो आवाज चढवावा लागत नाही, तो होता.

सुटा पाय आणि खुर्ची घेऊन मी रस्त्यापर्यंत आले. एसटीत कंडक्टरने बघितलं, काही न विचारता खुर्ची शेवटच्या बाकाच्या मागे सरकवली. सगळ्या वाटेवर खाडी आणि समुद्र आलटून पालटून दिसत होते आणि मी त्या पायावर हात ठेवून बसले होते.

घरी आले तेव्हा हे पडवीत होते. त्यांना मी दिसले नसेन, पण रिक्षातून लाकूड उतरवल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

"काय आणलंस?"

"मालगुंडची खुर्ची."

हे उठले, हात पुढे करून खुर्चीपर्यंत आले. पाय चाचपला, भोकात बोट घातलं, दांडीचा कुसू दोन बोटांत धरला. मी बाकीचं सांगितलं. आजींचं मनगट सांगितलं. हे तसेच उकिडवे बसून राहिले.

"हे तू भरलंस," म्हणाले.

"हो."

"आणि कपाटं, ती टेबलं, तो देव्हारा, तेही तूच."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी लांबी नखाला कळते. लाकडावर नख ओढलं तर बारीक खरखर लागते. लांबीवर नुसतं घसरतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पहिल्या बिजागरीपासून माहीत होतं."

मला राग आला. "मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी तुमच्यासाठी गप्प बसले."

"मला वाटलं, तू आहेस तोवर चालेल."

"आणि मी किती दिवस पुरणार? दमल्ये मी. तुमच्या चुका शोधून शोधून माझेच डोळे जायची वेळ आली. एक म्हातारी हात मोडून बसली आहे आणि स्वतःचं चुकलं म्हणत्येय."

एवढं मी त्यांना आयुष्यात कधी बोलले नव्हते. हे खाली बघत होते. कुसू अजून बोटांतच होता. शेवटी म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

गेलो. डॉक्टर रागावले, आणि रागावणं बरोबरच होतं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखता येईल, असं म्हणाले. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. मी मुलाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू मलापण फसवलंस?" मी हो म्हटलं.

खुर्चीचं काय करायचं हा प्रश्न होताच. ती दुसऱ्या सुताराकडे द्यावी असं मला वाटत होतं. ह्यांनी नकार दिला.

"दांडी तू कर," म्हणाले.

"मला येत नाही."

"मी सांगतो."

बाईंच्याच फणसाचा एक लांब तुकडा आमच्या शेडमध्ये उरला होता. त्याला हात लावायच्या आधी ह्यांनी मला टाकाऊ लाकडावर बसवलं. पेन्सिलची रेषा जाड असते म्हणून सुरीच्या टोकाने रेघ मारायला लावली. करवत रेघेच्या कोणत्या बाजूने न्यायची ते आवाजावरून सांगायचे. "वाकडी जात्येय. थांब. मनगट सैल सोड." डोळे मिटून ऐकत बसायचे. सात तुकडे वाया गेले. पटाशीने माझं डावं बोट कापलं, हळद लावून पुन्हा बसले. ह्यांनी सांगितलं होतं की कुसू हातोडीच्या दोन ठोक्यांत आत जायला हवा. एका ठोक्यात गेला तर सैल, चार लागले तर पाय फुटायची भीती.

आठवा तुकडा बरा झाला. मग खरी दांडी घेतली. मोठ्या झालेल्या भोकाच्या कडा आधी साफ करून घेतल्या आणि कुसू त्या मापाने जाड ठेवला. गोंदाशिवाय जुळवून पाहिलं. पहिला ठोका, दुसरा ठोका, आणि भरीव आवाज आला. ह्यांनी मान हलवली. गोंद वाळल्यावर ते स्वतः खुर्चीवर बसले, एका हातावर सगळा भार टाकून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. असं दहा-बारा वेळा केलं. खुर्ची कुरकुरली नाही.

नवी दांडी पिवळी होती आणि बाकीची खुर्ची तोवर तपकिरी व्हायला लागलेली. हे म्हणाले, "थोडा रंग देऊन जुळवून घे."

मी म्हटलं, "नको. राहू दे."

दोघं मिळून मालगुंडला गेलो. बाईंनी दार उघडलं, आम्हाला बघून बाजूला झाल्या. ह्यांनी चौकटीला हात लावून आत पाऊल टाकलं. ह्यांना धडपडताना बघून बाईंनी नकळत हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

"हे पिवळं का?" बाईंनी खुर्चीकडे बघून विचारलं.

"नवी दांडी आहे. हिने केली," हे म्हणाले. "जुनी माझी चुकली होती. मला दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. हिच्यापेक्षा दोष माझा मोठा आहे."

बाई स्वतः खुर्चीवर बसल्या. जोराने बसल्या, दोन्ही बाजूंना रेटून पाहिलं. मग उठून ती आईच्या खाटेजवळ नेली. आजींचं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक झाला होता आणि मनगट किंचित वाकडं बसलं होतं. आजींनी डाव्या हाताने त्या पिवळ्या दांडीला हात लावला.

"आता बसायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "पण राहू दे इथे. बघू."

चहा विचारला नाही. आम्हीही थांबलो नाही. पुढे एकदा बाजारात बाई दिसल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बसते खुर्चीवर. वेणी मात्र मलाच घालावी लागते, तिचं मनगट वळत नाही." एवढं बोलून पिशवी दुसऱ्या हातात घेऊन गेल्या. रोज सकाळी स्वतःची वेणी घालताना मला ते वाक्य आठवतं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मोठी कामं आम्ही बंद केली. आता पाट, पोळपाट, लाटणी, कधी एखादा चौरंग. मी कापते, हे घासतात. घासायला डोळे लागत नाहीत. ह्यांच्या हातचं गुळगुळीत लाकूड अजून कोणाला जमत नाही, हे खरं आहे आणि ते सांगताना मला आता काही झाकावं लागत नाही. पण थकवा गेला नाही. लबाडी सुटली की हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. हलकं असं काही वाटलं नाही. कापायचं काम माझ्या अंगाला जड जातं, आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळपासून ह्यांचं तोंड उतरलेलं असतं, ते सांभाळावं लागतं.

मागच्या आठवड्यात एक माणूस आला. पावसला घर बांधतोय, पुढचा दरवाजा सागाचा हवा, नक्षीचा. ह्यांचं नाव ऐकून आला होता. मी त्याला शेडच्या दारातच सांगितलं की ह्यांना आता दिसत नाही, मोठं काम होणार नाही, आणि पलीकडच्या आळीतल्या सुताराचं घर दाखवलं. तो जरा वेळ घुटमळला, मग गेला.

हे आत पाटाला पेपर मारत होते. हात न थांबवता विचारलं, "कोण होतं?"

"दरवाजा पाहिजे होता. नाही म्हटलं."

"सागाचा?"

"सागाचा."

पेपरचा आवाज थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले.